दोन बैठका

(पहाट. तालीम. एकच दिवा.)

पाच वाजलेत. हौद्यातली लाल माती उकरून झाली. हिच्यात हळद असते, ताक असतं, तेल असतं, लिंबू पिळलेलं असतं; वास त्याचाच. पोरं बैठका मारतायत. मोजणारा एक, बाकीचे त्याच्या आवाजावर खाली-वर. घाम मांडीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून पोटरीवर.

कोल्हापुरात बैठकीचे दोन अर्थ. एक हा. दुसरा इथून चालत जेमतेम पंधरा मिनिटांवर.

(गुजरी, सोनारांची पेठ. हात, अगदी जवळून.)

साज घडतोय. सोन्याचा पातळ पत्रा, त्याचं पान, पोटात लाख. परंपरेनं अशी एकवीस पानं, मधे जाव मणी. पान नखाएवढं. चिमट्यात धरायचं, वळवायचं, पुन्हा धरायचं. हे हात बघत बसावेत असेच आहेत, आम्हीही बसलो.

मग कॅमेरा खाली घेतला.

(मांडी घातलेले पाय. चित्र स्थिर.)

हा फोटो नाही, चित्रण चालू आहे. चाळीस मिनिटांत हे पाय एकदाच हलले, मांडी बदलायला. सकाळी दहाची बैठक, आता दोन वाजत आलेत. कारागीर पन्नाशीतले. म्हणाले, "मुंग्या आल्याबिगर पाय हाईत ह्याची आठवणच हुईत न्हाई बघा." डबा इथंच, गादीवरच. भात, आमटी, चपाती. झाकण लावलं की पुन्हा चिमटा हातात.

त्यांच्या बोटावर टोचून साखर तपासली तेही आम्ही टिपलंय. आकडा दाखवत नाही. घरी कळायला नको म्हणाले.

त्या भाताचं आत काय होतं ते जरा सावकाश बघू, कारण सगळा खेळ तिथं आहे. भाताची साखर होऊन रक्तात येते. ती उतरवून घेणारं शरीरातलं सगळ्यांत मोठं कोठार म्हणजे स्नायू, आणि मोठे स्नायू कमरेखाली. कोठाराला दारं असतात. नेहमी ती इन्शुलिनच्या हुकमानं उघडतात. बसून बसून स्नायू त्या हुकमाला दाद देईनासा होतो. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं, आणखी सोडतं, आणि एके दिवशी तेही पुरत नाही.

(राधानगरी धरण. पावसाळा. दरवाजा उघडताना.)

पावसाळ्यातलं हे चित्रण आमच्याकडे होतंच. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे कोल्हापूरकराला सांगायला नकोत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दार आपोआप उघडतं, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाही. स्नायूलाही असं दुसरं दार आहे. धरणात ते पाण्याच्या उंचीनं उघडतं, इथं हालचालीनं. स्नायू आखडला-सैलावला की ग्लुट-४ नावाची प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात, इन्शुलिनचा हुकूम नसला तरी. म्हणून मधुमेह असलेल्याचंही हे दार उघडतं. चालणं थांबल्यावर पुढचे काही तास, कधी दिवस-दीड दिवस, स्नायू इन्शुलिनचंही जास्त ऐकतो.

(रंकाळा. सकाळ. फिरणाऱ्यांची रांग.)

रंकाळ्यावर ही गर्दी रोज असते. चांगलंच आहे. आठवड्याला किमान 150 मिनिटं असं चालावं, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण यातले कितीतरी जण तासाभरानं मिसळ खाऊन दुकानात बसतात ते दिवे लागेपर्यंत. फेरी सकाळी सहाला आणि भात दुपारी दोनला. आमचं म्हणणं एवढंच की त्या दोननंतरही पायांना काही काम द्या.

(केएमटीची बस. गर्दीतून सरकणारा कंडक्टर.)

1953 साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास मांडला. दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त. पुढं गणवेशांची मापं काढली, तर तरुण ड्रायव्हरांच्याही कमरा मोठ्या निघाल्या; म्हणजे सगळा दोष सीटचा नसावा.

2012 मध्ये ऑस्ट्रेलियात आणखी साधं करून बघितलं. वजन जास्त असलेल्या 19 जणांना गोड पेय देऊन पाच तास बसवलं. एकदा सलग, एकदा दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं सावकाश चालवून. चालवलं त्या दिवशी पेयानंतरची साखरेची एकूण वाढ सुमारे चतुर्थांशानं कमी. घाम नाही, बूट नाहीत, दोन मिनिटं. माणसं थोडी, प्रयोग एका दिवसाचा, हे खरं. पण गुजरीत करून बघायला खर्च शून्य.

(पुन्हा तालीम. भिंतीवरचे जुने फोटो.)

या फोटोंतल्या काहींनी खासबागेच्या कुस्ती मैदानात कुस्त्या मारल्या. पैलवानकी सुटली, खुराक सुटला नाही. वस्ताद हसतच सांगतात, "दूध-तूप तेवढंच, जोर-बैठका बंद. मग पोट यीलच की." आणि पोट दिसत नाही त्यांनीही गाफील राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं दाखवत आलेत की आपल्याकडच्या अंगानं बारीक माणसांतही चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात.

रक्तातली साखर चढलेलीच राहिली तर पुढं बिघडतात डोळे, मूत्रपिंड, हृदय, पायांच्या नसा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवा.

(गुजरी. चार वाजता.)

चहा रोज पोऱ्या आणून देतो. आज कारागिरांनी किटली स्वतः घेतली. उठताना भिंतीला हात, आधी उजवा गुडघा, मग डावा. दोन पावलं लंगडत, तिसऱ्याला सरळ. महाद्वार रोडची गर्दी, फुलवाल्या, वाकडी लावलेली मोपेड. कॅमेरा पायांच्या उंचीवर. चपलेच्या वर पोटरी आखडते, सुटते, आखडते.

दहा मिनिटांत परत. थोडा चहा वाटेत सांडलाय. साखर कमी सांगायचं राहूनच गेलं.