ॲप्रन: कापड कुठलं, गाठ कुठली

नमस्कार श्रोतेहो.

गणपती महिन्यावर आले की पार्किंगच्या कोपऱ्यात, गच्चीवर, गॅलरीत घरगुती कारखाने सुरू होतात. मखरासाठी प्लायवूड कापलं जातं, डुगडुगणाऱ्या चौरंगाचा पाय बसवला जातो, कोणी गेटची तुटलेली बिजागरी स्वतःच जोडायला घेतं. ड्रिल मशीन आणि चार इंची ग्राइंडर तर आता मिक्सरइतके घरोघरी झाले आहेत, त्यात छोट्या वेल्डिंग मशीनची भर पडली आहे. मशीनच्या खोक्यात माहितीपुस्तिका मिळते, ॲप्रन मिळत नाही. मग अंगावर काय चढतं? जुना टी-शर्ट, बर्मुडा, पायात स्लिपर. फार तर स्वयंपाकघरातला ॲप्रन. यातला शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा, कारण आपण काहीतरी घातलंय या समाधानात माणूस जास्त जवळ जाऊन काम करतो.

आधी कापडाचं पाहू. एक तपासणी घरीच करता येते. ॲप्रनच्या आतल्या बाजूला, शिवणीपलीकडे जी कापडाची कड उरते, तिच्यातून दोन-तीन धागे ओढून काढा. चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो, आणि मागे उरते ती बोटात चोळली की भुगा होणारी राख. पॉलिस्टरचा धागा ज्योत जवळ येताच आधी आक्रसतो, मग वितळतो, काळा धूर सोडतो, आणि थंड झाल्यावर टोकाला एक कडक मणी राहतो. तो नखाने फुटत नाही. आता हा मणी वितळलेला असताना पोटाच्या कातडीवर चिकटला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. पॉलिस्टर साधारण २६० अंश सेल्सिअसला वितळतं. सूत वितळतच नाही. ते चारशे अंशांच्या आसपास पेट घेतं. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे लोखंडाचा जळता कण. तो अतिशय तापलेला असतो, पण एवढा बारीक, की जाड सुती कापडावर पडला तर तपकिरी ठिपका उमटवून विझतो. पॉलिस्टरला मात्र तेवढ्यानेच भोक पडतं.

टेरिकॉटबद्दल, म्हणजे सूत आणि पॉलिस्टर मिसळून केलेल्या कापडाबद्दल, मुद्दाम सांगायला हवं, कारण मुलांचे जुने गणवेश, जुन्या पँटी फाडून ॲप्रन शिवायची पद्धत आपल्याकडे आहे. निम्मं सूत आहे म्हणजे निम्मं सुरक्षित, असा हिशोब इथे लागू पडत नाही. निव्वळ पॉलिस्टर पेटलं तर वितळून काही अंशी खाली तरी गळतं. टेरिकॉटमध्ये सुताचा जळका सांगाडा जागेवर उभा राहतो आणि वितळलेलं पॉलिस्टर त्यात वातीतल्या तेलासारखं धरून ठेवतो. जळणं थांबत नाही, आणि तेही अंगाला लागून. टेरिकॉटच्या चिंध्या पुसायला ठेवा.

मग घ्यायचं काय? शंभर टक्के सुती डेनिम, १२ ते १४ औंसाचं. १२ औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ४०० ग्रॅम. दुकानात कापड आडवं ताणून पाहा. रबरासारखं ताणलं गेलं तर त्यात लायक्रा आहे, ते नको. डेनिम नसेल तर ड्रिल नावाचं जाड खाकी सुती कापड किंवा सुती कॅनव्हासही चालतो. मांजरपाट पातळ पडतो.

कागद-पेन्सिल हाताशी असेल तर मापं लिहून घ्या. मध्यम उंचीच्या माणसासाठी छातीवरची रुंदी २८ सेंटीमीटर, कमरेशी ६५ ते ७०, आणि लांबी गळ्याच्या हाडाखाली चार बोटं सोडून गुडघ्यापर्यंत, म्हणजे ८५ ते ९०. गुडघ्याच्या फार खाली नेलात तर शिडी चढताना पाय अडकतो. कापड बेतण्याआधी एकदा धुवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल. शिवताना सुई १६ नंबरची. धागा मात्र सुतीच मागा, आणि रिळावर वाचून खात्री करा. बाजारातले बहुतेक धागे पॉलिस्टरचे असतात. कापड सुती आणि शिवण पॉलिस्टरची असली की ठिणग्यांनी शिवणच आधी उसवते, पट्टा निघून लोंबायला लागतो. आणि लोंबणाऱ्या पट्ट्याचं काय होतं ते आता ऐका.

घरातलं साधं ड्रिल मिनिटाला २८०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला सेहेचाळीस-सत्तेचाळीस. त्याच्या चकचा, म्हणजे पुढे पातं पकडून फिरणाऱ्या गोल भागाचा, व्यास चार सेंटीमीटर धरला तर घेर सुमारे साडेबारा सेंटीमीटर. काहीतरी अडकलंय हे कळून बोट बटणावरून उचलायला माणसाला निदान सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्यात चक नऊ वेळा फिरलेला असतो आणि मीटरभराहून जास्त नाडी, ओढणी किंवा पदर त्यावर गुंडाळला गेलेला असतो. नाडी तेवढी लांब नसतेच. मग तिच्यामागोमाग ॲप्रन येतो, आणि ॲप्रनमागोमाग तो घातलेला माणूस.

म्हणून गाठ कुठे आणि कशी मारायची हा प्रश्न कापडाइतकाच मोठा आहे. लांब नाड्या कमरेभोवती फिरवून पोटावर गाठ बांधायची हॉटेलातल्या आचाऱ्यांची पद्धत वर्कशॉपमध्ये नको; ती गाठ नेमकी ड्रिलच्या आणि लेथच्या, म्हणजे लाकूड-लोखंड फिरवून कोरणाऱ्या यंत्राच्या, उंचीवर लोंबते. गाठ पाठीमागे मारायची. तीही सुरगाठ, म्हणजे एक टोक ओढलं की सुटणारी. निरगाठ मारलीत तर पेटलेला किंवा ॲसिड सांडलेला ॲप्रन अंगावरून काढायला कात्री शोधावी लागेल. नाड्या अशा कापा, की गाठ मारल्यावर पाच-सहा सेंटीमीटरच उरतील. गळ्यातल्या पट्ट्याला शिवून बंद कडी करू नका. पाठीवर फुली करणारे दोन पट्टे उत्तम. ॲप्रन अंगालगत राहतो, मानेवर भारही येत नाही. गळ्यातलाच पट्टा हवा असेल तर एका बाजूला टिचबटण किंवा तीनेक सेंटीमीटर वेल्क्रो लावा. जोराने ओढ बसली तर तो सुटला पाहिजे. इथे कमकुवत जोड हाच चांगला जोड.

आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कलम २२ मध्ये चालत्या यंत्राजवळ जाणाऱ्या कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत असं लिहिलेलं होतं. घरच्या वर्कशॉपमध्ये मालकही आपण आणि कामगारही आपणच, त्यामुळे टाळाटाळ बिनबोभाट चालते.

घट्ट म्हणजे काय काय? पूर्ण बाहीचा शर्ट असेल तर कफाचं बटण लावलेलं. अर्ध्या बाहीपेक्षा उघडा कफ वाईट. पदर खोचून भागत नाही. ड्रिल हातात घ्यायचं तर साडी बदलून सलवार-कुडता, तोही ओढणीशिवाय. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं. मनगटावरचा गंडा-दोरा काढायला अनेकांचं मन धजत नाही. त्यांनी कफ घट्ट बसवून तो आत झाकावा. लांब केस टोपीत.

आणि हातमोजे. ड्रिल, लेथ, टेबलावरची गोल करवत, बेंच ग्राइंडर यांच्यापुढे हातमोजे घालायचे नाहीत. उघडं बोट यंत्राला लागलं तर कापतं, हे खरंच वाईट आहे. पण मोज्याचं टोक अडकलं तर यंत्र आख्खा हात ओढून घेतं. हातमोजे घालायचे ते पत्रा उचलताना, वेल्डिंगला, आणि दोन्ही हातांत धरलेल्या ग्राइंडरसाठी, तेही चामड्याचे आणि बोटांना नीट बसणारे.

ग्राइंडरची गंमत वेगळी, म्हणजे गंमत अजिबात नाही. चार इंची चकती मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी फिरते. तिच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. ढगळ टी-शर्टचं टोक तिच्यात गेलं की कापड गुंडाळत मशीनच पोटाकडून गळ्याकडे चढतं. चकतीवरचं झाकण, म्हणजे गार्ड, काढून काम करणाऱ्यांना हे सगळ्यात लवकर घडतं. अंगालगत बसलेला ॲप्रन इथे दुहेरी उपयोगाचा, ठिणग्या अडवतो आणि शर्टही दाबून ठेवतो. पण ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून गंज काढणार असाल तर डेनिम पुरत नाही. ब्रशमधून सुटलेली तार सुईसारखी कापडातून आत घुसते. तिथे चामड्याचा ॲप्रन हवा.

वेल्डिंगलाही चामडंच, एक ते दीड मिलिमीटर जाडीचं. डेनिमच्या ॲप्रनवर वेल्डिंगचे दोन-चार छोटे टाके मारून भागेल, पण वितळलेल्या धातूचा थेंब ठिणगीसारखा विझत नाही, कापडावर बसून राहतो. शर्ट गडद रंगाचा घाला. पांढऱ्यावरून उडालेला उजेड मास्कच्या आत खालून शिरतो. वरचं बटण लावा. बनियनवर वेल्डिंग करणाऱ्याची छाती संध्याकाळी उन्हात भाजल्यासारखी लाल होते, कारण त्या प्रकाशातले अतिनील किरण. डोळ्यांचं दुखणं तर आणखी उशिरा, रात्री सुरू होतं. वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं. घरगुती कामाला, म्हणजे शंभर अँपिअरच्या आसपास, मास्कमध्ये १० नंबरची काळी काच हवी. पँट बुटांच्या वरून खाली येऊ द्या, बुटांच्या आत खोचू नका, आणि खालची घडी उलगडा. ठिणगीला लपायला त्या घडीसारखी जागा नाही. दुसरी जागा उघडा खिसा. खिशाला झाकण शिवा, आणि त्यात लायटर तर कधीच ठेवू नका.

चष्म्याचं थोडक्यात: बाजूने बंद असलेला, पॉलिकार्बोनेट नावाच्या मजबूत प्लॅस्टिकचा. नंबरचा चष्मा त्याची जागा घेत नाही. पायात बूट, जड काम असेल तर पुढे पोलादी टोपी असलेले. आयएस १५२९८ या भारतीय मानकाच्या सेफ्टी बुटाची टोपी २०० जूलचा आघात झेलते. म्हणजे वीस किलोचं वजन एक मीटरवरून पडलं, असं समजा.

आता एक उलटी गोष्ट. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला आपण बसतो तेव्हा वर केलेली सुताची सगळी स्तुती विसरा. बॅटरीच्या द्रावणात वजनाने साधारण एक तृतीयांश सल्फ्युरिक ॲसिड असतं. सुती कापडावर थेंब पडला तर लगेच काही दिसत नाही. पाणी उडून जातं, ॲसिड मागे राहून तीव्र होतं, आणि पुढच्या धुण्यात तिथे भोक उघडतं. इथे प्लॅस्टिकचा म्हणजे पीव्हीसीचा किंवा रबराचा ॲप्रन घाला, धातूच्या कड्या आणि बटणं नसलेला. शिंतोडा उडालाच तर कातडी लगेच भरपूर वाहत्या पाण्याने धुवा; खाण्याचा सोडा जमिनीसाठी, अंगासाठी नाही. आणि हाच प्लॅस्टिकचा ॲप्रन चुकूनही ग्राइंडरपुढे नेऊ नका. दोन खुंट्या ठोका, दोन ॲप्रन वेगळे टांगा.

काम संपल्यावर ॲप्रन तसाच घालून घरात जाऊ नये. शिसम आणि सागवानाच्या भुश्याने अनेकांच्या कातडीला खाज सुटते, आणि लहान मूल नेमकं त्याच ॲप्रनला येऊन बिलगतं. बाहेरच झटका, हवेच्या पाइपने अंगावर फुंकर मारू नका. धुवायचा तो वेगळा; लोखंडाचा कीस इतर कपड्यांवर गंजाचे डाग सोडतो.

लाकडाला अळशीचं तेल लावत असाल, काही भागांत त्याला जवसाचं म्हणतात, तर ॲप्रनला हात पुसायची सवय धोक्याची आहे. हे तेल सुकतं ते हवेतला प्राणवायू घेऊन, आणि त्यात उष्णता निघते. कापड पसरलेलं असेल तर ती उडून जाते. बोळा करून कोपऱ्यात टाकलं तर ती आत साठत जाते आणि काही तासांनी, कोणी काडी लावली नसताना, बोळा पेटतो. असा ॲप्रन उघड्यावर दोरीवर एकपदरी वाळत घाला, शेजारी दुसरं काही नको. दोरीला जागा नसेल तर पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. वाळल्यावर तो पापडासारखा कडक होईल आणि धुऊनही मऊ होणार नाही. तो यापुढे फक्त तेलाच्या कामाला ठेवा, ठिणग्यांच्या कामाला नाही.

नमस्कार.