सहावा क्रमांक

श्रोतेहो, नमस्कार. नव्या वर्षाचे संकल्प आपल्या घरांतून साधारणपणे तिळगुळाचा डबा रिकामा होईपर्यंत टिकतात, आणि त्याचे कारण आळस आहे असे मला वाटत नाही. ‘तब्येत सुधारायची’ असे आपण ठरवतो खरे. पण उद्या सकाळी उठून नेमके काय करायचे, हे त्यात कुठेच नसते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव 1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडन ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. पहिल्याच खेपेला सहावा क्रमांक, म्हणजे गावी परतून आयुष्यभर सांगत बसावे असे यश! पण त्यांचा सारा सराव लाल मातीतला होता आणि तिथे कुस्ती होती गादीवर. हौद्यात मल्ल एकमेकांच्या अंगाला माती लावतात, त्यामुळे पकड बसते. गादीवर घामेजलेल्या अंगावरून हात सुटतो, आणि कुस्ती चितपट झाली नाही तर निकाल पंचांच्या हाती जातो. पुढची चार वर्षे त्यांनी तयारी केली आणि फ्लायवेट हा वजनगट सोडून वरच्या, म्हणजे 57 किलोच्या, बँटमवेट गटात उतरले. ‘पदक हवे’ असे कोणीही म्हणेल, पण पदकाचा सराव करता येत नाही. गादीचा करता येतो. पुन्हा सांगतो, श्रोतेहो: पदकाचा नाही, गादीचा.

1952 साली हेलसिंकीला जायचे, तर प्रवासखर्चाला पैसे नव्हते. आपल्याकडे शाल-श्रीफळ घेऊन लोक येतात ते माणूस जिंकून आल्यावर. तिकिटाच्या वेळी त्यांतले फारसे कोणी दिसत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. खाशाबांनी मात्र गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. तरीही रक्कम पुरेना, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी प्राचार्यांनी घर गहाण ठेवले, हे वाक्य मी कितीही वेळा उच्चारले तरी क्षणभर थांबतोच.

हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना घेऊन जाण्यासाठी कराड स्टेशनवर शंभराहून अधिक बैलगाड्या आल्या होत्या, आणि एरवी काही मिनिटांत संपणाऱ्या वाटेला मिरवणुकीत कित्येक तास लागले.

मिरवणुकीची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. तिच्या नंतरची फार थोड्यांना. गुलाल उतरला, हार सुकले, आणि खाशाबांपुढे लगेच पुढचे ध्येय उभे होते, तेही अगदी मोजून सात हजारांचे. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या, स्वतः त्यांत लढले, आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले.