आलेलं पाणी जातं कुठे?

(सीमाभागातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालेल्या अभियंत्याने केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, पावसाळा लागला की आपल्याकडे पेपरात रोज एक आकडा येतो. बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी. २४७५ फूट झाली, जलाशय भरला, की बेळगावकर हुश्श करतो आणि चहाच्या गाड्यावरचा विषय बदलतो. तेच पाणी वापरून झाल्यावर कुठे जातं, याचा आकडा मात्र पेपरात माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही. योजनेचं गणित मांडताना आम्ही धरून चालतो, की घरात शंभर लिटर गेलं तर साधारण ऐंशी लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडणार. आत आणायला खर्च करतो तसा बाहेर न्यायलाही करावा लागतो. आपण त्या ऐंशी लिटरला वाट काढून देत नाही, त्याची वाट लावतो.

ही अक्कल मला पुस्तकातून आली नाही. नोकरीतली माझी पहिली योजना. गाव सांगत नाही, चूक माझी होती. टाकी उभी राहिली, घरोघर नळ गेले, नारळ फुटला. सहा महिन्यांनी सहज गेलो तर गल्लीत घोट्याएवढा काळा चिखल, आणि गावात पूर्वी नव्हते एवढे डास. विहिरीवरून घागरीने आणलेलं पाणी बाया जपून वापरत, परसातल्या अळवाच्या वाफ्यात जिरत असे. नळाने ते चौपट झालं, पण वाफा तेवढाच राहिला. दारातली एक म्हातारी म्हणाली, "साहेब, पाणी दिलासा, लई बरं केलासा. आता ह्ये वापरलेलं तेवढं परत न्या बघू." यावर मी काय बोलणार?

म्हणून माझं मागणं एकच. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचा नळ देताय, जरूर द्या. पण ज्या कागदावर नळजोडण्यांची संख्या लिहिता, त्याच कागदावर वापरलेलं पाणी कुठल्या शोषखड्ड्यात, कुठल्या गटारीत, शेवटी कुठल्या शिवारात जाणार तेही लिहा. नसेल लिहिलं तर सही करू नका. मी सही केली होती.

शहरात हेच मोठ्या मापाने घडतं. बेळगावचा बळ्ळारी नाला पाहा. शहराच्या गटारी त्यात येतात आणि पावसाळ्यात तो फुगला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात पसरतो. रोप लावून झालेलं असतं, भात पाण्याखाली जातं, कुजतं. शेतकरी पुन्हा रोप शोधत फिरतो. बेळगाव बासमतीच्या वासाचं कौतुक करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी जुलैत त्या बांधावर उभं राहून दुसरा वास घेतलाय? गाळ काढला की नाला सुधारला असं समजलं जातं. गाळ काढावाच. पण गटारीतली घाण शुद्ध न करताच नाल्यात येत राहिली तर नाला साफ होतो म्हणजे घाण जरा लवकर शेतात पोचते, एवढंच.

आता संडास. स्वच्छ भारतात बारा हजारांचं अनुदान मिळालं, घरोघर संडास बांधले गेले. बायकांची अंधार पडायची वाट पाहणं संपलं, हे लहान काम नव्हे. पण खानापूरच्या पश्चिमेला, जांबा दगडाच्या मुलखात, जुलैत जाऊन बघा. मी एका घरी गेलो होतो. एक तांब्या ओतला तर पाणी खाली जायच्या ऐवजी भांड्यात वर चढलं. जमिनीखालचं पाणी खड्ड्यात भरलेलं, जाणार कुठे? घरातली माणसं पावसाळाभर पाणंदीला जात होती आणि संडासात सरपण कोरडं राहत होतं. नोंदवहीत मात्र 'वापरात' असा शेरा, कारण पाहणी जानेवारीत झालेली! तिथून बारा पावलांवर आड. घाण खड्ड्यात कोंडली गेली नाही, ती आडात उतरली.

यावर उपाय नाही असं नाही. अशा जागी खड्डा उंच घ्यायचा, तळ भूजलाच्या वर ठेवायचा, भोवतीने मातीचा भराव घालायचा. दोन खड्डे असले तर एक भरल्यावर दुसरा सुरू करायचा. पहिल्यातला मैला दीड-दोन वर्षांत खत होतो, हाताला लागला तरी माती वाटते. पण हे बारा हजारांत बसत नाही. अथणीत पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, कणकुंबीकडे तीन हजारांच्या वर. दोन्हीकडे एकच नकाशा आणि एकच रक्कम चालेल कशी? आणि पाहणी जुलैत करा. छत्री घेऊन.

सेप्टिक टाक्यांचं तर कुणी बोलतच नाही. मैला उपसणारा टँकर येतो, पैसे घेतो, जातो. तो रिकामा कुठे होतो, एकदा मोटारसायकलवरून त्याच्या मागे जाऊन बघा. आठ-दहा पंचायतींनी मिळून मैला सुकवून खत करणारं एक छोटं केंद्र चालवणं न जमण्यासारखं नाही. आणि टाकीत माणूस उतरवायचा नाही. संरक्षक साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी 'आतून जरा ढवळून दे' म्हणणारे भेटतात.

चोवीस तास पाण्याचंही थोडं सांगतो. २००८ च्या सुमारास बेळगावच्या काही भागांत तो प्रयोग झाला, तेव्हा लोक म्हणाले, ही चैन कशाला? चैन नाही हो. पाणी बंद झालं की नळी रिकामी होते आणि शेजारच्या गटारीतलं चिरेतून आत ओढून घेते. पहिल्या बादलीला वास येतो तो त्याचा.

तेव्हा नवी टाकी बांधण्याआधी गळती काढा आणि वॉटरमनचा पगार वेळेवर द्या. टाकीवर पाटी लागते, वॉल्व्हच्या वायसरवर लागत नाही, म्हणून वायसर राहून जातो. पाणी तपासणीचा कागद पंचायतीत लागतो तोही कानडीबरोबर मराठीत लागू दे. पाणी पिण्याजोगं नाही हे जिला कळायला हवं, ती घागर घेऊन उभी असते आणि तिला तो वाचता येत नाही. हे मी राजकारण म्हणून बोलत नाही.

कृष्णाकाठच्या उसाचा आणि म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा प्रश्न कुणीतरी विचारणार, मला माहीत आहे. म्हादईवर लवादाने २०१८ मध्ये निवाडा दिला, भांडण चालू आहे, चालू राहील. मलप्रभा जिथे उगम पावते त्या डोंगरात एप्रिलमध्ये झऱ्याशी बसून वाटीने कळशी भरणारी बाई मी पाहिली आहे. तिच्या झऱ्याला टीएमसी लागत नाही, वरच्या उतारावर चर खणले आणि झाडं राखली तरी पुष्कळ.

टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तुम्हाला ठाऊकच आहे. १९२४ च्या अधिवेशनासाठी खणलेली. गांधीजी अध्यक्ष होते, त्यांचं हे एकमेव अध्यक्षपद, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच अधिवेशनात स्वयंसेवकांनी संडास स्वतः साफ केले, हे कमी सांगतो. विहीर मध्यंतरी कचऱ्याने बुजत चालली होती, टंचाईत तिची आठवण झाली, उपसली, पाणी मिळालं. आता प्रश्न घेऊ. मागे ते काका मघापासून हात वर करून आहेत.