एमीच्या मागे कोण वाजवत होतं?

नमस्कार मंडळी. आज इंग्लिश गायिका एमी वाइनहाऊसच्या 'बॅक टू ब्लॅक'बद्दल बोलायचंय. 2006 च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात आलेला हा अल्बम, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यातलं निदान 'रिहॅब' तरी ऐकलेलंच असणार, कॅफेत, जिममध्ये, कुणाच्या तरी रीलमागे. पण मी आज एमीबद्दल थोडं कमी बोलणारे आणि तिच्या मागे जे वाजवत होते त्यांच्याबद्दल जास्त. एमीचं नाव निघालं की लोक लगेच तिची दारू, तिचा नवरा, तिच्या मागे लागलेले फोटोग्राफर यावर येतात आणि 27 व्या वर्षी गेलेल्या त्या मुलीचं गाणं राहतं बाजूला. मला ते आवडत नाही. गाण्यावर बोलूया.

तर तिचा पहिला अल्बम 'फ्रँक', 2003 चा, जॅझ आणि हिप-हॉपच्या अंगाने जाणारा. त्यानंतर ती पडली साठच्या दशकातल्या अमेरिकन पोरींच्या ग्रुप्सच्या प्रेमात, रॉनेट्स, शांग्री-लाज वगैरे. तो उंच अंबाडा आणि डोळ्यांच्या कडेला लांब ओढलेलं काजळ, तेही रॉनेट्सकडूनच आलेलं. 2006 मध्ये ती न्यूयॉर्कला मार्क रॉन्सन या संगीत निर्मात्याला भेटली, तिने त्याला ही जुनी गाणी ऐकवली, आता याच्याकडे ऐकवायला तयार असं काहीच नव्हतं, तो म्हणाला उद्या ये. रात्रभर बसून त्याने पियानोची एक चाल बांधली, त्यावर ड्रमचा एक ठोका आणि खंजिरीसारखं ते टॅम्बोरिन, भरपूर घुमवलेलं. दुसऱ्या दिवशी तिला ते जाम आवडलं आणि शब्द तिने तिथेच लिहिले. हेच ते शीर्षकगीत.

चाल झाली, शब्द झाले, आता वाजवणार कोण? कॉम्प्युटरवर जुन्या गाण्याचे तुकडे जोडून जुनाट वास आणता येतो, तेव्हाही येत होता. रॉन्सनला तसं नको होतं, त्याला माणसं हवी होती. आणि अशी माणसं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये बुशविक नावाच्या भागात एका पडक्याशा दुमजली घरात बसलेली होती. त्यांच्या बँडचं नाव डॅप-किंग्ज.

आता मला जी गोष्ट सांगायचीये ती इथून सुरू होते, जरा आरामात सांगते.

1996 ची गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये ली फील्ड्स नावाच्या जुन्या सोल गायकाचं (सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, चर्चच्या गाण्यातून आलेलं संगीत) रेकॉर्डिंग होतं. मागे कोरस द्यायला तीन बायका हव्या होत्या, तिघींना बोलावणं गेलं. आली एकच. तिचं नाव शेरॉन जोन्स. वय 40. चर्चमध्ये लहानपणापासून गाणारी, लग्नाच्या बँडमध्ये गाणारी, आणि पोटापाण्यासाठी काय करायची, तर रायकर्स आयलंड हा न्यूयॉर्कचा प्रसिद्ध तुरुंग आहे ना, तिथे गार्ड होती, आणि नंतर बँकांची रोकड नेणाऱ्या त्या चिलखती गाड्या असतात त्यावरही गार्ड. गायला नाही येत म्हणून ही नोकरी करत होती असं नाही हं. ती स्वतः मुलाखतींमधून सांगायची की एका मोठ्या कंपनीतल्या माणसाने तिला तोंडावर सांगितलं होतं, तू फार काळी आहेस, फार जाडी आहेस, फार बुटकी आहेस, आणि तुझं वय झालंय. आवाजाबद्दल त्या माणसाला काही बोलायचंच नव्हतं.

तर तिघींपैकी ही एकटी आली. मग काय, रेकॉर्डिंग रद्द? छे. तिने पहिलीचा आवाज गायला. मग टेप मागे नेऊन दुसरीचा गायला. मग तिसरीचा. तीन बायकांचं काम एका बाईने केलं, श्रोतेहो, एका बाईने! आणि काचेपलीकडे बसलेले ते दोघं तरुण, फिलिप लेमन आणि गेब्रियल रॉथ, ऐकतच राहिले. त्यांनी तिला मागच्या कोरसमधून काढून थेट माइकसमोर उभं केलं आणि तिचं स्वतःचं एक गाणं रेकॉर्ड केलं. मी ही गोष्ट किती जणांना सांगितली असेल याला गणतीच नाही, घरी पाहुणे आले तरी सांगते, कारण ज्या दोघी आल्या नाहीत त्यांची नावं कुठे ऐकायला मिळत नाहीत, आणि जी आली तिच्याभोवती पुढे आख्खी कंपनी उभी राहिली.

ती रेकॉर्ड कंपनी म्हणजे डॅपटोन. रॉथ आणि सॅक्सोफोन वाजवणारा नील शुगरमन, दोघांनी मिळून काढलेली. पैसे नव्हते म्हणून बुशविकमधलं ते घर घेतलं आणि बँडवाल्यांनीच हाताने स्टुडिओ बांधला. भिंतींतून आवाज बाहेर जाऊ नये म्हणून काय भरलं, तर टाकून दिलेले जुने कपडे. आणि विजेचे पॉइंट कुणी बसवले? शेरॉनने. जी बाई पुढे त्या स्टुडिओत गाणार तिनेच तिथली वायर ओढली. 2002 मध्ये तिचा पहिला अल्बम आला तेव्हा ती पंचेचाळिशीच्या पुढे होती. पंचेचाळिशीच्या पुढे पहिला अल्बम! आपल्याकडे रिअ‍ॅलिटी शोमध्ये सहा-सात वर्षांच्या पोरांना झगमगीत जॅकेट घालून उभं करतात आणि दोन वर्षांत ती पोरं कुठे गेली कुणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे, त्या वयात पोरांना रियाज करू द्यावा, टाळ्या नंतर. असो.

तर शेरॉनच्या मागे वाजवणारी ही मंडळी, म्हणजे तेच डॅप-किंग्ज, सगळी एका खोलीत बसून वाजवायची, एकत्र, टेपवर. एक खोली, सगळे एकत्र, टेपवर, हे लक्षात ठेवा. ड्रमचा आवाज गिटारच्या माइकमध्ये शिरतो, गिटारचा पियानोच्या माइकमध्ये, आणि तो नंतर कितीही साफ करायचा म्हटलं तरी साफ होत नाही. त्यालाच जुना साउंड म्हणतात. आपल्याकडची जुनी हिंदी गाणीही अशीच व्हायची, गायक आणि वादक एकाच वेळी, एकाची चूक झाली की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. मुंबईत ज्यांनी त्या काळात व्हायोलिन वाजवलं त्यांना विचारा.

रॉन्सन एमीचे डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची रेकॉर्डिंग्ज, घेऊन याच लोकांकडे आला. अल्बममधली जवळपास निम्मी गाणी डॅप-किंग्जनी वाजवली, उरलेली सलाम रेमी या दुसऱ्या निर्मात्याने केली, तीही सुंदर आहेत पण आज त्यांच्याकडे वळत नाही. आणि गंमत बघा, बँड वाजवत होता तेव्हा एमी तिथे नव्हतीच. तिचा आवाज त्यांनी आधी डेमोवर ऐकला, भेट नंतर झाली. तरी ऐकताना वाटतं ना की ती त्यांच्या मधोमध उभी राहून गातेय? कारण बँड एकमेकांकडे बघून वाजवतोय. एक खोली, सगळे एकत्र. मग 2007 मध्ये एमी अमेरिकेत फिरली तेव्हा हेच लोक तिच्या मागे स्टेजवर होते.

2008 च्या फेब्रुवारीत एमीला पाच ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतले संगीताचे मोठे पुरस्कार, मिळाली, ती स्वतः लंडनमध्येच होती, तिथूनच उपग्रहावरून गायली. टीव्हीवर पाहिलेल्यांना आठवत असेल, नाव ऐकल्यावरचा तिचा तो गोंधळलेला चेहरा आणि मग आईला मारलेली मिठी.

आता माझी एक तक्रार, विषयापासून थोडी लांब जातेय पण बोलणारच. आकाशवाणीवर गाणं लावताना गायक सांगायचे, गीतकार सांगायचे, संगीतकार सांगायचे, मगच गाणं. त्यामुळे आमच्या घरी आजीलाही माहीत असायचं की हे शब्द कुणाचे, चाल कुणाची. आता फोनवर गाणं लागतं, नाव दिसतं गायकाचं, फार तर अजून एखाद्याचं, आणि मागे ज्यांनी वाजवलं त्यांची यादी शोधायला तीन ठिकाणी बोट दाबावं लागतं. डॅप-किंग्जचा ड्रमर होमर स्टाइनवाइस. निदान हे एक नाव आज इथे मोठ्याने घेते. होमर स्टाइनवाइस. 'रिहॅब'मधला तो ठोका ज्याच्यामुळे तुमचा पाय आपोआप हलतो, तो त्याचा.

शेरॉनलाही तिचे दिवस आले हो. 2007 मध्ये तिचा '100 डेज, 100 नाइट्स' आला, जगभर दौरे झाले. 2013 मध्ये कॅन्सर निघाला, केमोने केस गेले, तर ही बाई विग न घालता तशीच स्टेजवर गेली आणि नाचली, आणि ती नाचायची म्हणजे साधंसुधं नाही, चपला काढून नाचायची. तिचं पुढचं काम ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत पोचलं. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये ती गेली.

तर आज घरी गेल्यावर एवढं करा. इअरफोन दोन्ही कानांत घाला, एक कान मोकळा ठेवून गाणं ऐकणं मला पटतच नाही, आणि आधी शेरॉनचं '100 डेज, 100 नाइट्स' हे गाणं लावा. ते संपलं की लगेच एमीचं 'यू नो आय अ‍ॅम नो गुड'. दुसऱ्या गाण्यात एमी तोंड उघडायच्या आधी फक्त ड्रम ऐका, मग बेस येतो, मग ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी फुंकायची वाद्यं. तीच माणसं आहेत. पहिल्या गाण्यात ऐकलेली तीच माणसं.