घरच्या चार्जरची निवड मीटर रूमपासून

मंडळी, इलेक्ट्रिक गाडी बुक केली की पहिला प्रश्न येतो तो ‘घरी चार्जर कोणता बसवू?’ हा. तो बहुतेक वेळा शोरूममध्ये विचारला जातो आणि उत्तरही तिथेच मिळतं: ‘७.२ किलोवॉटचा घ्या, लवकर चार्ज होते.’ माझं आजचं म्हणणं असं, की या प्रश्नाचं खरं उत्तर तुमच्या इमारतीच्या मीटर रूममध्ये आहे. मीटरपासून पार्किंगपर्यंतची वायर, अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) या तीन गोष्टी आधी ठरवा. भिंतीवरचा डबा, ज्याला आपण चार्जर म्हणतो, तो सगळ्यात शेवटी निवडायचा, आणि पैसा वाचवायचाच झाला तर तो त्या डब्यावर वाचवायचा.

आधी तो डबा करतो काय, ते बघू. आपल्या घरी येते ती एसी वीज. बॅटरीला लागते डीसी. हे रूपांतर गाडीच्या आत बसवलेला ऑनबोर्ड चार्जर करतो. भिंतीवरचा डबा म्हणजे एक हुशार, सुरक्षित स्विच. गाडीला जोडायच्या टाइप २ कनेक्टरमध्ये कंट्रोल पायलट नावाची एक पिन असते. गाडी जोडलेली नसताना तिच्यावर १२ व्होल्ट असतात, जोडली की ते ९ वर येतात, आणि गाडी ‘मी तयार आहे’ म्हणाली की ६ वर. मग डब्यातला कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा भाग, ‘टक्’ असा आवाज करून बसतो आणि वीज सुरू होते. त्याच पिनवरून १ किलोहर्ट्झचा एक सिग्नल जातो. त्याची रुंदी, म्हणजे दर आवर्तनात तो किती वेळ चालू असतो ते, ५३ टक्के असेल, तर गाडीला कळतं की इथून जास्तीत जास्त ३२ अँपिअर घेता येतील. १० टक्के असेल तर फक्त ६. त्या मर्यादेत किती घ्यायचं ते गाडी ठरवते.

म्हणून खरेदीआधी गाडीच्या माहितीपत्रकात ऑनबोर्ड चार्जरची क्षमता शोधा. २०२३ मध्ये एमजीची कॉमेट आली तेव्हा तिच्यात ३.३ किलोवॉटचा ऑनबोर्ड चार्जर होता. अशा गाडीला २२ किलोवॉटचा डबा लावला तरी ती ३.३ च घेणार. टाटाच्या २०२२ च्या नेक्सॉन ईव्ही मॅक्समध्ये ३.३ आणि ७.२ असे दोन्ही पर्याय होते. म्हणजे शेजाऱ्याकडे तेच मॉडेल आहे एवढ्यावर जाऊ नका, आपली गाडी नेमकी कोणती आहे ते बघा. आणि ११ किलोवॉटचा चार्जर थ्री-फेजवर चालतो. घरी थ्री-फेज जोडणी आणि गाडीत थ्री-फेज घेणारा ऑनबोर्ड चार्जर, दोन्ही असतील तरच त्याचा विचार करा.

आता तुम्हाला लागतं किती? पुण्यात सिंहगड रोडवरून हिंजवडीला रोज जाणाऱ्या माणसाचं जाऊन-येऊन ४५ किलोमीटर धरू. मध्यम आकाराची गाडी शहरात एका युनिटमध्ये साधारण साडेसहा किलोमीटर जाते. म्हणजे ७ युनिटं. चार्ज होताना १० ते १५ टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर ८ धरा. ३.३ किलोवॉटने हे अडीच तासांत भरून निघतं. गाडी रात्री दहा तास उभीच असते. अशा माणसाला मी ७.२ चा चार्जर घ्या असं सांगणार नाही. ‘हळू चार्जिंग बॅटरीला चांगलं’ असं म्हणून ३.३ घेणारेही भेटतात. डीसी फास्ट चार्जरच्या तुलनेत ते ठीक आहे, पण घरच्या ३.३ आणि ७.२ मध्ये बॅटरीच्या दृष्टीने फरक पडत नाही. दोन्ही तिच्यासाठी सावकाशच आहेत.

मोठा चार्जर कुणाला हवा? ज्याची बॅटरी मोठी आहे आणि जो ती खरोखर रिकामी करतो, त्याला. ५९ युनिटांची बॅटरी १० टक्क्यांवरून पूर्ण भरायची तर मीटरवर ६० च्या आसपास युनिटं लागतील. ३.३ वर १८ तास, ७.२ वर साडेआठ. आठवड्यातून दोनदा मुंबईला जाऊन येणारा, घरी दोन गाड्या असलेला, गाडी व्यवसायासाठी चालवणारा, अशांना ७.२ लागतोच.

याच हिशेबात वीजबिलही बघा. महिन्याला २५ दिवस, रोज ८ युनिटं, म्हणजे २०० युनिटं वाढली. घरगुती बिलात १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. तुमचं घर आज अडीचशे युनिटं वापरत असेल, तर गाडीचा बराचसा वापर वरच्या टप्प्यात पडणार. केंद्राच्या २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीनुसार ईव्ही चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. घरच्याच मीटरवर चार्ज करायचं की वेगळा मीटर घ्यायचा, हे स्वतःची मागच्या वर्षभराची बिलं समोर ठेवून ठरवा. आणि घरच्या मीटरवर करणार असाल तर बिलावरचा ‘मंजूर भार’ वाचा. तो ३ किलोवॉट असताना ७.२ चा चार्जर लावून, वर गीझर आणि एसी चालवणं हे नियमात बसत नाही आणि वायरीतही बसत नाही. भार वाढवून घ्या, मग पुढचं.

इथून पुढचा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून त्याला जरा वेळ देतो.

गाडीबरोबर येणारा पोर्टेबल चार्जर आपण १६ अँपिअरच्या सॉकेटला लावतो. ‘गीझर चालतो त्यावर, मग गाडी का नाही?’ असं वायरमनसुद्धा म्हणतात. २ किलोवॉटचा गीझर ९ अँपिअर घेतो आणि वीस मिनिटांत बंद होतो. गाडी १४-१५ अँपिअर घेते, तेही सलग कित्येक तास. कोथरूडमधल्या एका सोसायटीत तक्रार होती की चार्जिंग तासाभराने आपोआप थांबतं. गाडी दोनदा सर्व्हिस सेंटरला जाऊन आली होती. मी सॉकेट उघडलं. वायरीच्या तारांपैकी निम्म्या स्क्रूच्या बाहेर राहिल्या होत्या. त्या टोकाचं इन्शुलेशन कडक होऊन नखाने तुकडे पडत होते, आणि प्लगची एक पिन तपकिरी झाली होती. त्या चार्जरच्या प्लगमध्ये तापमान मोजणारा सेन्सर होता, म्हणून तो थांबत होता. सगळ्या चार्जरमध्ये तो नसतो. सेन्सर नसता तर ते सॉकेट तसंच तापत राहिलं असतं.

तेव्हा सॉकेट चांगल्या कंपनीचं, शक्य असेल तर निळं इंडस्ट्रियल घ्या, वायरीच्या टोकांना लग (धातूची टोपणं) लावून घ्या आणि वर्षातून एकदा स्क्रू कसून घ्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम या बाबतीत स्पष्ट आहेत. प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतःचं वेगळं सर्किट हवं. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवं. एक्स्टेंशन बोर्ड चालत नाही. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेंशनवर चार्ज होणाऱ्या गाड्या मी पावसाळ्यात बघतो, तेव्हा खरंच काळजी वाटते. शेजारी मुलं खेळत असतात.

आता केबल. आपल्याकडे मीटर रूम ते पार्किंग अंतर सहज ४० मीटर निघतं. ३२ अँपिअरचा चार्जर ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलवर ४० मीटर नेला, तर साधारण ९ व्होल्ट वाटेतच जातात. म्हणजे ३०० वॉटच्या आसपास वीज केबल तापवण्यात खर्च होते, तीही तुमच्या बिलात. १० स्क्वेअर एमएम घातली तर तोटा साडेपाच व्होल्टवर येतो. ज्या भागात संध्याकाळी व्होल्टेज मुळातच २१० ला येतं, तिथे हा फरक जाणवतो. २५ मीटरच्या आत ६ पुरते, त्यापुढे १० घाला. आणि आज ३.३ चाच चार्जर लावणार असाल तरी २.५ ची वायर ओढू नका, ६ ची घाला. दोन वर्षांनी मोठी गाडी आली तर डबा अर्ध्या तासात बदलतो. कन्ड्युट (केबलचा पाइप) उकरून केबल बदलायला सोसायटीची परवानगी, गवंडी, रंग, सगळं पुन्हा करावं लागतं.

आणि अर्थिंग. जुन्या इमारतींमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायर कधी असते, कधी नसते. गाडीचा चार्जर सुरू होण्याआधी अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर लाल दिवा दाखवून थांबतो. मग कुणीतरी सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतो. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होते, सगळे खूश. हे कृपा करून कुणालाही करू देऊ नका. उद्या मागे कुठेतरी न्यूट्रल तुटली, तर त्या तुकड्यातून फेज थेट गाडीच्या पत्र्यावर येते. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कुणी दार उघडायला हात लावला तर जीव जाईल. उपाय एकच आहे: अर्थिंगचा खड्डा करून घ्या, इलेक्ट्रोड पुरा, तिथून चार्जरपर्यंत स्वतंत्र वायर आणा, आणि अर्थ टेस्टरने मोजून आकडा लिहून घ्या. ५ ओहमच्या आत आला तर उत्तम. परवानाधारक ठेकेदाराकडून काम करून घ्या आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट जपून ठेवा.

आरसीसीबीबद्दल दुकानदारही गोंधळतात. ३० मिलिअँपिअरची हवी, हे बहुतेकांना माहीत असतं. पण तिच्या तोंडावर एक छोटी खूण असते, ती बघा. नुसती एक नागमोडी रेघ असेल तर ती एसी टाइप, घरातल्या दिव्या-पंख्यांसाठीची. नागमोडी रेघेखाली अर्धवर्तुळासारखे उंचवटे असतील तर ए टाइप. गाडीच्या चार्जरमध्ये बिघाड झाला तर डीसी गळती होऊ शकते, आणि त्या गळतीने एसी टाइपची आरसीसीबी बधिर होते. ऐन वेळी ती वीज तोडतच नाही. नियमानेही किमान ए टाइप लागते. चार्जरच्या आत ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखणारी सोय असेल तर बाहेर ए टाइप पुरते. नसेल तर बी टाइप घ्या. ती महाग आहे, तरीही घ्या. चार्जरमध्ये ही ६ मिलिअँपिअरची सोय आहे का, हा एकच प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून चार्जर घेऊ नका.

ॲप, वायफाय, कार्ड या गोष्टी स्वतंत्र बंगल्यात फारशा लागत नाहीत. वेळ लावायची सोय बऱ्याच गाड्यांमध्येच असते. उघड्यावर बसवणार असाल तर धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा आयपी ६५ दर्जा असलेला घ्या. केबलची लांबी ठरवताना गाडीचं चार्जिंगचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते बघा. बेसमेंटमध्ये पाणी शिरत असेल तर त्या पातळीच्या बऱ्याच वर बसवा.

सोसायटीचं गणित मात्र वेगळं आहे. २० गाड्या प्रत्येकी ७.२ ने एकदम लागल्या तर १४४ किलोवॉट होतात. पहिले तिघं-चौघं आपापली केबल ओढून घेतात आणि पाचव्याच्या वेळी केबलचा ट्रे भरलेला असतो, भार संपलेला असतो. मग कमिटी ‘आता कुणालाच नाही’ असा ठराव करते. हे टाळायचं असेल तर पहिल्याच अर्जाच्या वेळी सगळ्यांसाठी एक आराखडा करा: ईव्हीसाठी एक जोडणी, एक बसबार (सगळ्यांना वीज वाटणारी धातूची पट्टी) किंवा ट्रे, आणि आपसात भार वाटून घेणारे चार्जर. रात्री ११ ला सगळे जोडले तरी ते प्रत्येकाला थोडं थोडं देतात आणि सकाळपर्यंत सगळ्यांचं भागतं, कारण प्रत्येकाला लागतात ती आठ-दहाच युनिटं. अशा ठिकाणी ॲप आणि कार्ड खरंच कामाला येतात, फक्त चार्जर ओसीपीपीवर (कुठल्याही कंपनीच्या यंत्रणेशी बोलायची खुली भाषा) चालणारे घ्या, म्हणजे उद्या सेवा देणारी कंपनी बदलली तरी डबे तेच राहतील. नवीन इमारतीत घर घेत असाल तर बिल्डरला विचारा: २०१९ च्या आदर्श बांधकाम उपविधींतील दुरुस्तीत २० टक्के पार्किंग ईव्हीसाठी सज्ज ठेवायला सांगितलं आहे. नकाशात पार्किंगवर हिरवा रंग दिलाय एवढ्याने होत नाही. केबल कुठून येणार आणि त्यासाठी भार किती घेतलाय, ते दाखवायला सांगा.

मघाशी मागून एका ताईंनी विचारलं की त्या भाड्याच्या घरात राहतात, त्यांनी काय करावं. ताई, घरमालकाकडून लेखी संमती घ्या. त्यांच्या मीटरपासून ६ ची केबल, अर्थिंग, वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), ए टाइप आरसीसीबी आणि निळं सॉकेट एवढंच करा, आणि गाडीबरोबर आलेला पोर्टेबल चार्जर वापरा. घर सोडाल तेव्हा चार्जर तुमच्याबरोबर येईल. केबल आणि अर्थिंग मालकाच्या इमारतीत राहणार आहे, तेव्हा तो खर्च निम्मा-निम्मा करायचं करार करतानाच बोलून घ्या. बरेच मालक तयार होतात.