गाडी देशी की परदेशी? फ्रीमाँटच्या कारखान्याची साक्ष

(वाहनउद्योगातल्या सुट्या भागांच्या कारखान्यांत गुणवत्ता विभाग सांभाळलेल्या एका अभियंत्याने पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आपल्यातलं कुणी अमेरिकेत नव्याने गेलं की तिथले मराठी लोक गाडीबद्दल एकच सल्ला देतात. जुनी टोयोटा बघ, नाहीतर होंडा बघ, अमेरिकन गाडीच्या नादी लागू नकोस. हा सल्ला खोडून काढायला मी आलेलो नाही. तो दिला गेला तेव्हा त्यामागे ठोस कारणं होती. पण 'अमेरिकन गाडी' म्हणजे नेमकी कुठली, हे धड सांगता येईनासं झालं त्यालाही आता चाळीस वर्षं उलटली. त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्याची हकिगत सांगतो.

हा कारखाना फ्रीमाँटला आहे. या सभागृहात बऱ्याच जणांची मुलं तिथे राहत असतील. तिथे आज टेस्लाच्या गाड्या बनतात. पण तो कारखाना १९६२ साली उभा केला जनरल मोटर्सने, आणि वीस वर्षांत त्याची इतकी बदनामी झाली की १९८२ साली कंपनीने टाळं लावलं. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या आसपास असायची. सोमवारी पुरेशी माणसं आली नाहीत तर गाड्या जुळवण्याची लाइन सुरू कशी करायची हा प्रश्न पडायचा. पाळीच्या वेळेत दारू चालायची. काही जण मुद्दाम दाराच्या पत्र्याआड रिकामी बाटली टाकून द्यायचे, म्हणजे गाडी घेणाऱ्याला आयुष्यभर खडखड ऐकू यावी. हे सगळं पुढे त्या कामगारांनीच सांगितलं. युनियन कडक, मॅनेजमेंट त्याहून कडक, आणि एक नियम दोघांनाही पक्का ठाऊक: काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही. बोल्ट राहिला? राहू दे, पुढे कुणीतरी बघेल. गाडी तशीच बाहेर यायची आणि आवारात उभी करून तिच्यावर रिवर्क, म्हणजे राहिलेलं-चुकलेलं नीट करणं, चालायचं.

मग १९८४ साली जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी मिळून हाच कारखाना पुन्हा उघडला. नाव दिलं नम्मी. माणसं कुठून घेतली? बहुतेक सगळी त्याच जुन्या कारखान्यातली. तीच युनियन, तेच पुढारी. फरक एवढाच की त्यांच्या तुकड्या जपानला टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवल्या. तिथे त्यांनी लाइनच्या वर लोंबणारी एक दोरी पाहिली. काम चुकतंय असं वाटलं तर कुणीही ती ओढायची. टीम लीडर धावत येतो, आणि वेळेत नीट झालं नाही तर लाइन थांबते. ज्या माणसांना लाइन थांबवल्याबद्दल नोकरी जाईल असं वर्षानुवर्षं बजावलं होतं, त्यांना आता न थांबवल्याबद्दल विचारणा होऊ लागली. आपल्याकडे चाकण-भोसरीला आज प्रत्येक मोठ्या कारखान्यात अँडन, म्हणजे अशी इशाऱ्याची सोय, असतो, म्हणून ही गोष्ट आपल्याला साधी वाटते. मात्र अँडनचा दिवा लागल्यावर सुपरवायझरचा चेहरा कसा होतो, यावर तिथलं खरं राज्य कोणाचं ते कळतं. असो.

निकाल काय लागला? १९८० च्या दशकात एमआयटीच्या अभ्यासकांनी तीन कारखाने शेजारी ठेवून मोजले. ताकाओकाला शंभर गाड्यांमागे जुळणीतले दोष ४५. फ्रीमाँटलाही ४५. आणि जनरल मोटर्सच्या मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात याच्या जवळजवळ तिप्पट. फ्रीमाँटचे कामगार अमेरिकन, फ्रेमिंगहॅमचेही अमेरिकन.

आता यातली गंमत ऐका. फ्रीमाँटच्या त्याच लाइनवरून दोन नावांच्या गाड्या बाहेर पडायच्या. एकीवर टोयोटा कोरोला असं नाव, दुसरीवर जनरल मोटर्सचं, आधी शेवरोले नोव्हा आणि पुढे जिओ प्रिझम. आतून गाडी तीच. तरी कोरोलाला गिऱ्हाईक जास्त पैसे मोजायचं, आणि जुनी विकतानाही कोरोलाची किंमत टिकायची, प्रिझमची पडायची. ज्याला हे माहीत होतं त्याने वापरलेली प्रिझम स्वस्तात घेतली आणि वर्षानुवर्षं चालवली. पुढे याच कारखान्यात जनरल मोटर्सचीच पाँटिअॅक व्हाइब बनू लागली, आणि तिचंच उजवीकडे स्टिअरिंग असलेलं रूप टोयोटा व्होल्ट्झ या नावाने जपानला विकायला गेलं. म्हणजे तिथल्या माणसाला टोयोटाच्या दुकानात मिळाली ती कॅलिफोर्नियात बनलेली आयात गाडी!

सल्ल्यामागे ठोस कारणं होती असं मी म्हणालो, तीही सांगतो. १९७३ च्या तेलटंचाईत अमेरिकन लोक छोट्या गाड्यांकडे वळले आणि तिथल्या कंपन्यांकडे छोट्या म्हणून होत्या शेवरोले वेगा आणि फोर्ड पिंटो. वेगाचं अॅल्युमिनियमचं इंजिन तापलं की ऑइल खायला लागायचं, आणि पत्रा गंजायचा. पिंटोला मागून धडक बसली तर पेट्रोलची टाकी फुटण्याचा धोका होता. १९७८ साली सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर ओल्ड्समोबिलचं डिझेल इंजिन आलं. त्याच्या कटकटींनी अमेरिकन माणूस डिझेल कारलाच कंटाळला. जपानी गाड्याही तेव्हा धुतल्या तांदळाच्या नव्हत्या. उत्तरेकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने त्यांचे पत्रे सडून भोकं पडायची. पण सकाळी चावी फिरवली की गाडी सुरू व्हायची.

ती का सुरू व्हायची, याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उत्तर एका गिअरबॉक्समध्ये आहे. १९७९ साली फोर्डने माझ्दाचा साधारण पाव हिस्सा घेतला होता. त्यानंतर फोर्डचा एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोन ठिकाणी बनू लागला, ओहायोत बॅटेव्हियाच्या कारखान्यात आणि जपानमध्ये माझ्दाकडे. ड्रॉइंग एकच, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी सूट, तेच. पण वॉरंटीचे क्लेम येत होते ते फोर्डच्या गिअरबॉक्सचे. माझ्दाचा आवाजही कमी यायचा. शेवटी फोर्डच्या माणसांनी दोन्हीकडचे काही गिअरबॉक्स उघडले आणि एकेक पार्ट मोजला. फोर्डचे सगळे पार्ट टॉलरन्समध्ये. एकही रिजेक्ट नाही. आणि माझ्दाचे? ते मोजणाऱ्या माणसाला वाटलं आपलं मोजायचं गेजच बिघडलंय, कारण एका पार्टनंतर दुसरा पार्ट लावला तरी काटा हलेना. गेज तपासून घेतलं. गेज ठीक होतं. पार्टच एकसारखे होते.

इथे जरा थांबू, कारण आपल्या धंद्याचं मर्म इथे आहे. ड्रॉइंगवर एक माप लिहिलेलं असतं आणि त्याला थोडी सूट दिलेली असते. एवढं वर चालेल, एवढं खाली चालेल. आपल्याकडे गो-नोगो गेज लावतात. बसला तर ओके, नाही बसला तर रिजेक्ट. पस्तीस मार्क मिळवून काठावर पास झालेलं पोरही पास आणि पंच्याण्णव मिळवणारंही पास. एका पार्टपुरतं बघितलं तर हे चालतं. पण गिअरबॉक्समध्ये पार्ट एकटा नसतो. शाफ्ट वरच्या काठावर, बोअर खालच्या काठावर, वॉल्व्ह तिसऱ्याच काठावर. प्रत्येक जण ओके, पण एकत्र बसले की कुठे घासतंय, कुठे तेल गळतंय, कुठे झटका बसतोय. आज नाही दिसणार. चाळीस हजार मैलांनंतर दिसेल. माझ्दाने सूट घेतलीच नाही. मधल्या मापाला चिकटून राहिले. हे सांगणारा माणूस अमेरिकनच होता, संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग. जपान्यांनी त्याच्या नावाने १९५१ पासून पारितोषिक द्यायला सुरुवात केली. त्याच्या स्वतःच्या देशातल्या बहुतेकांना त्याची ओळख झाली १९८० साली, टीव्हीवरच्या एका माहितीपटातून.

मी नोकरीत असताना एका गिऱ्हाईक कंपनीचा माणूस आमच्याकडे ऑडिटला आला. मी अभिमानाने शून्य रिजेक्शनचा रिपोर्ट पुढे केला. त्याने तो बाजूला सारला आणि म्हणाला, मापांचा पसारा दाखवा, म्हणजे पार्ट मधल्या मापापासून किती इकडेतिकडे जातात ते. भरवशाची गाडी बनवणाऱ्यांची नजर पसाऱ्यावर असते.

पुढचा भाग भराभर सांगतो. १९८१ साली अमेरिकेच्या दबावाखाली जपानने कारच्या निर्यातीवर स्वतःहून मर्यादा घातली, वर्षाला १६.८ लाख. गाड्या बाहेरून आणता येत नाहीत म्हटल्यावर जपानी कंपन्यांनी कारखानेच तिकडे नेले. १९८२ च्या अखेरीस होंडाची अकॉर्ड ओहायोत मेरिसव्हिलला बनू लागली, त्यानंतर निसान टेनेसीत, आणि १९८८ पासून टोयोटा कॅमरी केंटकीत. उलट अमेरिकन नावाच्या कितीतरी गाड्या मेक्सिको आणि कॅनडात बनायला लागल्या. गोंधळ इतका वाढला की १९९२ साली कायदा झाला, आणि ऑक्टोबर १९९४ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर चिठ्ठी लागली: अमेरिका-कॅनडातले सुटे भाग किती टक्के, जुळणी कुठे, इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला. चिठ्ठी नसेल तर चॅसी नंबर बघा. १, ४ किंवा ५ ने सुरू झाला तर गाडी अमेरिकेत बनली, २ म्हणजे कॅनडा, ३ म्हणजे मेक्सिको, जे म्हणजे जपान. आपल्या गाड्यांचा नंबर एमने सुरू होतो, घरी जाऊन बघा.

आणि परदेशी म्हणजे टिकाऊ असंही कधी नव्हतं. १९८५ साली युगोस्लाव्हियाची युगो ३,९९० डॉलरला अमेरिकेत आली आणि विनोदाचा विषय होऊन गेली. १९८६ ला कोरियातून ह्युंदाई एक्सेल आली. पहिल्या वर्षी दीड लाखाच्या वर खपली, मग कुरकुरायला लागली आणि कंपनीचं नाव धुळीला मिळालं. ह्युंदाईने १९९८ साली इंजिन-गिअरबॉक्सला दहा वर्षं, एक लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली. एवढी वॉरंटी दिल्यावर बिघाडाचं बिल कंपनीलाच भरायचं असतं, त्यामुळे दुरुस्ती डिझाइनपासून सुरू झाली. जे. डी. पॉवर या पाहण्या करणाऱ्या कंपनीच्या २००४ च्या पाहणीत ती होंडाच्या बरोबरीला येऊन बसली.

माझ्या मते आज या वादाचा केंद्रबिंदू सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरकडे सरकलाय. टोयोटाच्या पिकअप आणि मोठ्या गाड्यांच्या चॅसी गंजून सडल्या. २०१६ साली सुमारे १५ लाख गाड्यांसाठी ३.४ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड झाली. त्या चॅसी पुरवणारी डेना ही अमेरिकन कंपनी. आता उलटं उदाहरण घ्या. ताकाता ही जपानी कंपनी. तिच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्ण-दमट हवेत राहिलं की बिघडायचं, आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे माणसाच्या अंगात घुसायचे. एकट्या अमेरिकेत सुमारे ६.७ कोटी एअरबॅग परत बोलवाव्या लागल्या. त्यात होंडा, टोयोटा होत्या, तशा फोर्ड, जनरल मोटर्स आणि बीएमडब्ल्यूही होत्या. भारतातही होंडाने यासाठी गाड्या परत बोलावल्या. ताकाता २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. बॉनेटवरच्या नावावरून यातलं काही ओळखता आलं असतं का?

पाहण्यांचे आकडे वाचतानाही जपून. जे. डी. पॉवर शंभर गाड्यांमागे तक्रारी मोजते. त्यात इंजिन बसलं तरी एक तक्रार आणि फोन ब्लूटूथला जोडला नाही तरी एकच. गेली काही वर्षं सर्वांत जास्त तक्रारी स्क्रीन आणि फोनच्याच आहेत. कन्झ्युमर रिपोर्ट्स हे ग्राहकांसाठीचं मासिक गंभीर बिघाडांना जास्त वजन देतं, त्यामुळे जुनी गाडी घेणाऱ्याला ते अधिक उपयोगी. तिथे जपानी नावं आजही वरच्या बाजूला दिसतात, हे मी नाकारत नाही. सत्तरच्या दशकातली दरी मात्र राहिलेली नाही.

आपल्या अंगणातलंही बघा. तळेगावला बनलेली शेवरोले बीट मेक्सिकोला जायची. जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणं २०१७ अखेर थांबवलं तरी निर्यात २०२० पर्यंत चालू होती. रांजणगावची जीप कंपास ऑस्ट्रेलिया आणि जपानला गेली. तिकडच्या लोकांची ती 'इम्पोर्टेड'. आणि नोव्हा-कोरोलाची जोडी हवी असेल तर २०१९ पासून बलेनो आणि ग्लान्झा आपल्यासमोर आहेत. दोन्ही सुझुकीच्याच, पण ग्लान्झा आली तेव्हा टोयोटाची वॉरंटी तीन वर्षं, एक लाख किलोमीटर होती आणि बलेनोला दोन वर्षं, चाळीस हजार. गिऱ्हाइकाने अशा वेळी वॉरंटीचा कागद वाचावा.

बाहेर चहाच्या वेळी एका काकूंनी विचारलं, मग आम्ही मुलाला सांगायचं काय? काकू, त्याला सांगा की कंपनी सांगू नकोस, मॉडेल, वर्ष, इंजिन आणि गिअरबॉक्स सांग. एकाच कंपनीचं एक इंजिन तीन लाख किलोमीटर जातं आणि तिचाच एखादा गिअरबॉक्स वॉरंटी संपायच्या आत हात टेकतो. नवं डिझाइन आलं की पहिल्या वर्षाची गाडी घेऊ नकोस. जुनी घेताना सर्व्हिसच्या पावत्या माग, चॅसी नंबर टाकून कंपनीने परत बोलावून करायची दुरुस्ती (रिकॉल) राहिलीय का ते बघ, आणि गाडी हिवाळी राज्यातली असेल तर खाली वाकून चॅसीचा गंज बघ. घेण्याआधी गाडी मेकॅनिककडून तपासून घे, त्याला द्यावे लागणारे शंभर-दीडशे डॉलर वाचवू नकोस.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करा, पुढचे लोक चहाच्या वेळी विचारून झालेत.