केशरी फुलांचं मलम आणि थंडीतली त्वचा

(क्लोजअप: बोटं)

बोटं बघा आधी. पिवळट, चिकट, आणि नुसत्या पाण्याने निघतच नाहीये ते. कॅलेंड्युला, म्हणजे हे केशरी फूल, खुडायला बसलं की थोड्या वेळात हे होतंच, त्यात राळ असते, आणि मलम बनवणाऱ्या या ताई तर म्हणतात की हाताला चिकटत नसेल तर ते फूल घ्यायचंच नाही. सगळ्यात जास्त राळ पाकळ्यांच्या खाली तो जो हिरवा भाग दिसतोय ना, त्यात असते, म्हणून नुसत्या पाकळ्या उपटत नाहीत, अख्खं फूल खुडतात. दव सुकल्यावर, पण ऊन तापायच्या आत. आणि दर दोन-तीन दिवसांनी खुडत राहायचं, नाहीतर झाड बी धरायला लागतं आणि फुलं कमी होतात.

हिला झेंडू समजू नका हं. कूळ एकच, सूर्यफुलाचं, पण झेंडू वेगळा आणि ही कॅलेंड्युला ऑफिसिनॅलिस वेगळी. थंडीत त्वचा फुटली की घरगुती मलमवाले आणि होमिओपॅथीवाले दोघंही हिच्याकडेच येतात, एक जण तिला तेलात बुडवतो, दुसरा अल्कोहोलमध्ये. दोन्ही दाखवणार आहोत, पण कॅमेरा जास्त वेळ तेलाच्या बरणीपाशीच रेंगाळलाय हे आधीच सांगून टाकते.

(मॅक्रो: टाचेच्या भेगा)

ही टाच. तळपायाला आणि तळहाताला तेलग्रंथी नसतातच, म्हणजे बाकीच्या अंगाला आतून जे थोडंफार तेल मिळत राहतं ते इथे मिळत नाही, त्यात टाचेची कातडी जाड, वरून अख्ख्या शरीराचा भार, मग सुकलेली कातडी ताणली गेली की फाटते.

(मॅक्रो: हाताची मागची बाजू)

आणि इथली गोष्ट उलटी. इथे सगळ्यात वरचा थर, स्ट्रॅटम कॉर्नियम, जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा, आणि एका मिलिमीटरमध्ये १००० मायक्रॉन असतात म्हणजे बघा. मेलेल्या पेशींच्या विटा आणि मधे चरबीचा चुना अशी त्याची रचना, त्या चुन्यात सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड. शरीरातलं पाणी सतत बाहेर पडायला बघत असतं आणि हा चुना त्याला अडवतो. कडकडीत पाण्याने अंघोळ केली, वर साबण चोळला, की तो चुनाच धुऊन जातो. त्वचेचा पीएच, म्हणजे आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, साधारण ५ आणि साबणाचा ९ ते १०, त्यामुळे अंघोळीनंतर जे ओढल्यासारखं वाटतं ना, ते स्वच्छ झाल्याचं लक्षण नाहीये.

बरं, हवा पण साथ देत नाही. शून्य डिग्रीच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते आणि २० डिग्रीला १७ ग्रॅम. मग ती बाहेरची गार हवा खोलीत घेऊन हीटरने तापवली की वाफ तेवढीच राहते पण जागा तिप्पट होते, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली येते, आणि ती हवा मिळेल तिथून पाणी ओढते. ओठातून, गालातून, बोटांच्या पेरांतून.

(जाळीवर पसरलेली फुलं, मग बरणीचा टाइमलॅप्स)

आता आमचा आवडता भाग. फुलं सावलीत, जाळीवर, एकावर एक न चढवता. पाकळ्या लवकर कुरकुरीत होतात आणि तिथेच लोक फसतात, कारण खालचा हिरवा भाग अजून आतून ओला असतो. ताई नखाने दाबून बघतायत, तो तुटला पाहिजे, वाकला तर अजून थांबायचं. तेवढा ओलावा तेलात गेला तरी बुरशी धरते.

मग कोरडी ठणठणीत बरणी, फुलं, आणि फुलं बुडून वर थोडं राहील इतकं तेल. कुठलं तेल हा प्रश्न सगळेच विचारतात. इथे सूर्यफुलाचं घेतलंय. त्यात लिनोलेइक ॲसिड नावाचं फॅटी ॲसिड भरपूर, आणि त्वचेचा तो चुना बनवायला नेमकं तेच लागतं. ऑलिव्ह ऑइलचं नाव मोठं आहे पण त्यात ओलेइक हे दुसरं फॅटी ॲसिड जास्त, आणि २०१३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांच्या त्वचेवर काही आठवडे ऑलिव्ह ऑइल लावल्यावर तो वरचा थर उलट कमकुवत झाला, सूर्यफुलाच्या तेलाने नाही झाला. फक्त बाटली वाचून घ्या, हल्ली सूर्यफुलाचं पण हाय ओलेइक तेल मिळतं, ते तळणाला बरं, या कामाला ते नको.

आणि हा टाइमलॅप्स बघा, फिकट तेल हळूहळू केशरी होतंय. फुलातली केशरी रंगद्रव्यं, कॅरोटिनॉइड, चरबीत विरघळतात, पाण्यात नाही, म्हणून फुलांचा काढा केला तर हा रंग येत नाही. चार ते सहा आठवडे ठेवायचं, अधूनमधून हलवायचं. बरेच जण बरणी उन्हात ठेवतात आणि कॅमेऱ्यात ते फार सुंदर दिसतं हे मान्य, पण उजेडाने तेल खवट होतं, म्हणून बरणीला ब्राऊन पेपर गुंडाळून नुसती उबदार जागा द्यायची. आम्ही शॉटपुरता कागद काढला आणि ताईंनी शॉट संपायच्या आत परत गुंडाळला, तो मागून आलेला हात त्यांचाच. घाई असेल तर गरम पाण्याच्या पातेल्यात बरणी ठेवून मंद आचेवर दोन-तीन तास, हेही चालतं.

(मलमलच्या कपड्यातून तेल गाळताना)

गाळलेलं तेल, आणि हे मधमाशीचं मेण. मेण ६२ ते ६५ डिग्रीला वितळतं, थेट आचेवर ठेवायचं नाही, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवूनच. वजनाने एक भाग मेणाला चार-पाच भाग तेल. टाचेसाठी हवं तर मेण थोडं जास्त, गालांसाठी थोडं कमी. गार बशीवर एक थेंब टाकायचा, गोठू द्यायचा, बोटाने घासून बघायचं आणि मग ठरवायचं, आत्ता बघताय तसं. फार कडक वाटलं तर तेल, पातळ वाटलं तर मेण, यात काही मोठी विद्या नाही.

(डब्यांत ओतताना, गोठताना)

कडेकडून गोठत आत येतंय बघा. हे होईपर्यंत डबी हलवायची नाही, झाकण पण लावायचं नाही, वाफ धरली तर झाकणाच्या आतून पाणी टपकतं. या मलमात पाणी अजिबात नाही म्हणून प्रिझर्वेटिव्ह न घालताही जंतू सहजासहजी वाढत नाहीत. कोणी त्यात हौसेने कोरफडीचा गर नाहीतर गुलाबपाणी घोटलं की तो हिशोब संपला. पाणी घालायची कल्पना तशी नवी नाही, मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेल्या कोल्ड क्रीमचं श्रेय दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्याला देतात, लावल्यावर त्यातलं पाणी उडतं म्हणून गार वाटतं. पण ते ताजं करून ताजंच संपवायचं.

(ओल्या हातावर मलम)

अंग टिपलंय, पुसून कोरडं केलेलं नाही, आणि त्यावर लगेच मलम, अंघोळीनंतर दोन-तीन मिनिटांत. मेण-तेल स्वतः पाणी देत नाही, आहे ते अडवतं, कोरड्या कातडीवर चोपडलं तर अडवायला फारसं काही नसतंच. खालून ग्लिसरीनचा पातळ हात दिला तर अजून चांगलं.

आणि त्या फुलाचं काय, नुसता रंग का? २००४ मध्ये फ्रान्समधल्या एका चाचणीत स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या २५४ बायका होत्या, त्यात कॅलेंड्युला मलम लावणाऱ्यांची त्वचा कमी भाजली, दुसरं औषध लावणाऱ्यांपेक्षा. हे मी कौतुकाने सांगतेय, पण ती रेडिएशनने भाजलेली त्वचा होती, थंडीने फुटलेली नाही. थंडीत बरंचसं काम तेल आणि मेणच करतं.

(काचेच्या कुप्या, स्लो मोशन)

आता दुसरी बाटली. होमिओपॅथी सुरू केली सॅम्युअल हानेमान या जर्मन डॉक्टरने, जन्म १७५५, तत्त्व मांडलं १७९६ मध्ये, ऑर्गेनॉन हा ग्रंथ १८१० चा. वनस्पती अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढतात तो मदर टिंक्चर. त्याचा एक थेंब, ९९ थेंब अल्कोहोल, आणि मग हे झटके, हा ठोका. हानेमानने लिहूनच ठेवलंय की टणक पण लवचिक वस्तूवर आपटा, चामड्याच्या बांधणीचं पुस्तक असेल तर ते घ्या. हे झालं १ सी. यातला एक थेंब परत ९९ मध्ये, असं तीस वेळा केलं की ३० सी. बघायला मस्त आहे, हातांची लय बघा. पण साधारण १२ सी च्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूही उरायची शक्यता जवळजवळ नसते, हा गणिताचा भाग आहे.

थंडीत बोटांची टोकं चिरली की होमिओपॅथीत ठरलेलं नाव पेट्रोलियम, आणि कानामागे चिरून पाणी येत असेल तर ग्रॅफायटिस, म्हणजे पेन्सिलीत असतं ते ग्रॅफाइट. गंमत म्हणजे जे लोक पेट्रोलियम जेली जमिनीतल्या तेलाची म्हणून हातात घेत नाहीत तेच पेट्रोलियम ३० च्या गोळ्या आनंदाने चघळतात. जेलीचं पेटंट चेसब्रो या रसायनतज्ज्ञाने १८७२ मध्ये घेतलं, आणि पाणी अडवण्यात ती आमच्या मेणापेक्षा सरस आहे, नाइलाजाने सांगते. गोळ्यांबद्दल सांगायचं तर २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की एकाही आजारावर होमिओपॅथी चालते याचा भरवशाचा पुरावा नाही. मदर टिंक्चरमध्ये फुलाचा अर्क खरोखर असतो, पण अल्कोहोल पण असतं, भेगेत तसंच टाकलंत तर डोळ्यांतून पाणी येईल, पाण्यात चांगलं पातळ करायचं.

(ड्रोन: बर्फाचा उतार, लख्ख ऊन)

आणि हे ऊन. उन्हात यूव्ही म्हणजे अतिनील किरण असतात, त्याचे दोन प्रकार, यूव्हीबी आणि यूव्हीए. थंडीत सूर्य खाली असतो म्हणून यूव्हीबी बरंच कमी होतं, यूव्हीए तेवढं कमी होत नाही आणि ते खिडकीच्या काचेतूनही येतं. डोंगरात दर १००० मीटरला यूव्ही साधारण १० टक्क्यांनी वाढतं आणि ताजा बर्फ त्यातलं ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, म्हणजे टोपी घालूनही हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आत, कानाच्या पाळीमागे भाजतं. हा चेहरा बघा, गॉगलच्या खालचा.

इथे मलमाचा उपयोग नाही. कुठलंही तेल सनस्क्रीन नाही, कितीही केशरी असो. काही जण मलमात झिंक ऑक्साइडची पूड घोटतात, तिच्या गुठळ्या होतात, कुठे जाड थर कुठे काहीच नाही, आणि दिसायला पांढरं दिसलं तरी किती ऊन अडतंय ते कळत नाही. लिंबाचा रस लावून उन्हात जाऊ नका, त्यातल्या फ्युरोकुमारिन या रसायनाने कातडीवर फोड येतात आणि काळे डाग महिनोनमहिने राहतात. 

घाईत दोन गोष्टी: सूर्यफुलाच्या कुळातल्या झाडांची ॲलर्जी असणाऱ्यांना कॅलेंड्युलाही चालत नाही, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस थांबा, आणि डायबिटीस असेल, भेगेतून रक्त-पू येत असेल तर डबी बाजूला ठेवून थेट डॉक्टर.

(चेहऱ्यावर पांढरा थर)

मलम रात्री लावा. सकाळी ते पुसून, मग झिंक ऑक्साइडचं तयार, तपासलेलं सनस्क्रीन, एसपीएफ (ऊन किती अडतं त्याचा आकडा) ३० किंवा वर, कारण खाली तेलाचा थर राहिला तर ते नीट बसत नाही, सरकतं. आणि हात सैल सोडून लावायचं, एसपीएफ मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून, आपण सहसा त्याच्या निम्मंही लावत नाही. खालचा ओठ विसरू नका, त्यावर वरच्यापेक्षा जास्त ऊन पडतं. दर दोन तासांनी परत, आणि नाक पुसलं असेल तर त्याआधीच.